उडत्या पक्ष्यामागचं आभाळ बदलायचंय? मग आधी पिसांची कड सांभाळा

घिरट्या घालणाऱ्या घारीचा फोटो मस्त मिळतो, डोळा शार्प, पंख पूर्ण पसरलेले, आणि मागे आभाळ मात्र पांढरंफटक, कोऱ्या कागदासारखं. मग वाटतंच की मागे थोडे ढग असते तर काय फोटो झाला असता. आता ढग टाकणं काही अवघड राहिलेलं नाही, फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून स्काय रिप्लेसमेंट आहे, एडिट मेनूत जायचं, आभाळ निवडायचं, झालं. डोंगर, इमारती असल्या फोटोंना ते बऱ्यापैकी पुरतं. पण पक्ष्याच्या फोटोवर वापरलंत तर एकदा २०० टक्के झूम करून पंखाची टोकं बघा. घारीच्या पंखाच्या टोकाशी पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतात, त्या बोटांमधल्या फटींत जुनं पांढरं आभाळ तसंच अडकलेलं दिसेल, नाहीतर टोकाचं एखादं पीस अर्धं खाल्लेलं दिसेल. लांबून बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण पक्षी चिकटवल्यासारखा वाटतो हे मात्र लगेच कळतं.

मी सुरुवातीला पेन टूल घेऊन पक्ष्याभोवती तास तासभर रेघ ओढायचो. रेघ अगदी बरोबर यायची आणि तरी पक्षी कात्रीने कापल्यासारखा दिसायचा, कारण पिसाला मुळात रेघ नसतेच. पिसाची कड म्हणजे पक्ष्याचा रंग हळूहळू आभाळात मिसळत जातो असे तीन-चार पिक्सेल, आणि टोकाची पिसं पातळ असतील तर उजेड त्यांच्यातून आरपार येतो. म्हणून आपण नवी कड काढायची नाही, फोटोत आहे तीच कड उचलून तिचा मास्क (फोटोचा कुठला भाग दिसेल आणि कुठला लपेल ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र) बनवायचा, आणि त्यासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे चॅनल, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा किंवा निळा रंग कुठे किती आहे ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र.

पण चॅनलकडे जायच्या आधी रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) दोन-तीन गोष्टी उरकून घ्या. क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढायची टिकमार्क लावा, नाहीतर पंखाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार राहते आणि ती मास्कमध्ये पक्ष्याचा भाग म्हणून येते. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणा, आधीच कमी करा. शार्पनिंग मात्र आत्ता अगदी कमी ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण जास्त शार्पनिंग केलं की गडद पक्ष्याभोवती एक बारीक पांढरी रेघ तयार होते, जुन्या आभाळावर ती दिसत नाही आणि नवं आभाळ टाकलं की चमकायला लागते. शार्पनिंग सगळ्यात शेवटी करायचं. आणि फाइल १६ बिटमध्ये उघडा, ८ बिटमध्ये एका चॅनलला २५६ च पायऱ्या मिळतात, आभाळासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात मग पट्टे पडतात.

आता चॅनल पॅनल उघडा आणि रेड, ग्रीन, ब्लू एकेक करून बघा. पक्षी आणि आभाळ यांच्यात सगळ्यात जास्त फरक कुठे दिसतो ते शोधायचं. तपकिरी घार निळ्या आभाळावर असेल तर ब्लू चॅनल घ्या, कारण आभाळात निळा भरपूर म्हणून ते उजळ दिसतं आणि तपकिरी रंगात निळा अगदी कमी म्हणून घार काळी पडते. पांढरा बगळा निळ्या आभाळावर असेल तर बरोब्बर उलटं, रेड चॅनल घ्या, तिथे निळं आभाळ गडद पडतं आणि बगळा लख्ख पांढरा राहतो. एक लक्षात ठेवा की बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात आणि लाल-निळ्याचे पाव-पाव, त्यामुळे रेड आणि ब्लू चॅनल जास्त दाणेदार निघतात, म्हणून नॉइज आधी काढा म्हणालो.

निवडलेल्या चॅनलवर राइट क्लिक करून त्याची डुप्लिकेट बनवा, मूळ चॅनलला हात लावू नका, तो बदलला की फोटोचे रंगच बदलतात. डुप्लिकेटवर कंट्रोल एल दाबून लेव्हल्स उघडा आणि काळा स्लायडर आत, पांढरा स्लायडर आत असं सरकवत आभाळ पांढऱ्याकडे आणि घार काळ्याकडे न्या. इथे मोह आवरायचा. बरेच जण दोन्ही स्लायडर एकमेकांना भिडवतात, मास्क एकदम स्वच्छ काळा-पांढरा दिसतो आणि बरं वाटतं, पण कडेला ती जी राखाडी होती, ज्याच्यासाठी आपण चॅनलकडे आलो, तीच मेली. कडेला दोन-तीन पिक्सेल राखाडी उरली पाहिजे, पंखाच्या टोकाला तर त्याहून जास्त. घारीच्या पोटात काही ठिकाणी उजळ पिसं राखाडी राहतील, राहू द्या, तिथे मऊ ब्रशने आतल्या आत काळं भरता येतं, फक्त कडेपर्यंत जायचं नाही.

कडेजवळ साफसफाई लागलीच तर ब्रशचा मोड ओव्हरले करा आणि ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ओव्हरलेमध्ये पांढरा रंग फिरवला की आधीच उजळ असलेली राखाडी आणखी उजळते आणि काळं जवळजवळ जागचं हलत नाही, काळा फिरवला की उलटं. म्हणजे आभाळातले डाग पुसताना ब्रश पिसावरून गेला तरी पीस वाचतं. हे एकदा हाताला बसलं की अख्ख्या घारीच्या कडा चार-पाच मिनिटांत होतात.

मास्कचा नियम सगळ्यांना माहीत आहेच, पांढरं दिसतं आणि काळं लपतं. आपली घार आत्ता काळी आहे म्हणून कंट्रोल आय दाबून उलटं करा (बगळ्याला ह्याची गरज नाही, तो आधीच पांढरा आहे). मग कंट्रोल दाबून त्या चॅनलच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, सिलेक्शन तयार होईल, परत आरजीबीवर या, लेयर पॅनलमध्ये (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले थर) फोटोचा लेयर निवडा, तो बॅकग्राउंड म्हणून लॉक असेल तर डबल क्लिक करून मोकळा करा, आणि खालचं मास्कचं बटण दाबा.

लगेच आभाळ टाकू नका. खाली आधी एक सपाट गडद रंगाचा लेयर टाका, मग तोच बदलून फिका करा. गडदवर पांढरी किनार उघडी पडते आणि फिक्यावर पिसात पडलेली भोकं दिसतात. ढगांवर ह्या दोन्ही गोष्टी लपतात, आणि प्रिंट काढल्यावर दिसतात. आल्ट दाबून मास्कवर क्लिक केलंत तर नुसता मास्क मोठा दिसतो, तोही एकदा सगळीकडून फिरून बघा. फाकलेल्या पिसांच्या फटी, पायांच्या मधली जागा, ओरडताना उघडलेली चोच, शेपटीचा दुभंग, इथे जुनं आभाळ हमखास राहतं.

किनार राहिलीच तर दोन उपाय. सिलेक्ट अँड मास्कमध्ये डिकंटॅमिनेट कलर्स नावाचा पर्याय आहे, तो कडेच्या पिक्सेलचा रंगच बदलतो, म्हणून आउटपुट नवीन लेयर विथ लेयर मास्क असाच घ्या म्हणजे मूळ लेयर शाबूत राहतो. मला स्वतःला दुसरा उपाय जास्त आवडतो. पक्ष्याच्या लेयरवर एक रिकामा लेयर घ्यायचा, दोन्ही लेयरच्या मधल्या रेघेवर आल्ट क्लिक करून तो पक्ष्याला क्लिप करायचा (म्हणजे त्यावरचा रंग पक्ष्याच्या बाहेर जात नाही), मोड डार्कन ठेवायचा, आणि शेजारच्या पिसाचा रंग उचलून त्या पांढऱ्या किनारीवर छोट्या मऊ ब्रशने हलकेच फिरवायचा. प्रत्येक पिसाचा रंग वेगळा असतो त्यामुळे दर थोड्या अंतरावर रंग परत उचला. वेळ लागतो पण पीस पिसासारखं राहतं.

आता ज्याच्यामुळे माझा सगळ्यात जास्त वेळ वाचला ते सांगतो. पक्षी गडद आणि आभाळ पांढरंफटक असेल, जे ढगाळ दिवशी नेहमीच असतं, तर कडेला मास्क लावायचीच गरज नाही. नवं आभाळ खाली ठेवा, वर मूळ फोटो मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार, आणि पांढऱ्याने कशालाही गुणलं तरी ते तसंच राहतं, म्हणजे मूळ पांढरं आभाळ आपोआप नाहीसं होतं आणि पिसाची प्रत्येक बारीक केसासारखी तार, मधली राखाडी, पातळ पिसातून आलेला उजेड, सगळं जसंच्या तसं नव्या आभाळावर उतरतं. फक्त मूळ आभाळ खरोखर पांढरं हवं, २५५ च्या जवळ (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं), नसेल तर लेव्हल्सने तेवढं वर न्या. आता पक्ष्याच्या अंगावरही ढग दिसायला लागतील, त्यासाठी मूळ फोटोची आणखी एक प्रत सगळ्यात वर नॉर्मल मोडमध्ये घ्या आणि तिला चॅनलवाला किंवा साधा सिलेक्ट सब्जेक्टचा (ज्यात फोटोशॉप स्वतःच पक्षी निवडतं) मास्क लावा, पण तो मास्क पाच-सहा पिक्सेल आत ओढलेला आणि मऊ केलेला हवा. अंग ह्या वरच्या लेयरमधून येतं आणि कड मल्टिप्लायमधून. पांढऱ्या बगळ्याला ही युक्ती चालत नाही, आणि नवं आभाळ खूप गडद असेल तरी चालत नाही, पक्ष्याची कड आभाळात बुडून जाते.

तसंही पांढऱ्या आभाळातला पक्षी गडद संध्याकाळच्या आभाळावर नेणं हे सगळ्यात कठीण काम आहे, कितीही चांगला मास्क करा. उजळ आभाळाचा उजेड पिसाच्या कडेवरून आत वळलेला असतो, तो त्या कडेचाच भाग असतो. म्हणून नवं आभाळ जुन्याच्या जवळपास उजळ निवडा, तिथेच अर्धं काम होतं.

फडफडणाऱ्या पंखाचं टोक धूसर आलं असेल तर तिथे कड नसतेच, नुसती सावली असते. तिथे मास्कवर मोठा मऊ ब्रश, फ्लो १० टक्के, आणि पंख ज्या दिशेने हलतोय त्याच दिशेने हात फिरवायचा. हे टोक स्वच्छ कापलेलं असलं तर उडणारा पक्षी हवेत गोठल्यासारखा दिसतो.

फोटोशॉप नसेल तर गिंप ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं जमतं. कलर्स मेनूतल्या डीकंपोजने तिन्ही चॅनल वेगवेगळे लेयर म्हणून निघतात, हवा तो कॉपी करून मास्कमध्ये पेस्ट करायचा. आणि कलर टू अल्फा आहे, पांढरा रंग दिला की पांढरं पारदर्शक होतं, गडद पक्ष्यांना ते खूप छान लागू पडतं, अंगाच्या आत मात्र वर सांगितली तशी एक प्रत ठेवावीच लागते.

मास्क झाला, आता आभाळ. ह्याच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ४०० मिमीच्या लेन्सने फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ६ अंश आभाळ दिसतं, ६०० ने ४ च अंश. मोबाइलने किंवा २४ मिमीने काढलेल्या आभाळात ८४ अंश मावतात. म्हणजे अख्ख्या क्षितिजावरची ढगांची रांग तुम्ही घारीच्या मागे ठेवता तेव्हा घार विमानाएवढी वाटायला लागते, बघणाऱ्याला कारण कळत नाही पण काहीतरी खटकतं. त्या आभाळाचा एक छोटा तुकडा घ्या आणि मोठा करा, एका ढगाची एखादी कड, त्याचा नुसता पोत, बस. मोठा केल्यावर तो मऊ पडेल, तेच हवंय, कारण लांब लेन्समध्ये मागचं आभाळ असंही धूसरच येतं, पडला नाही तर थोडा गॉशियन ब्लर द्या. सगळ्यात चांगलं म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढायला जाल तेव्हा त्याच लेन्सने, त्याच वेळेला, रिकाम्या आभाळाचे पाच-सहा फोटो काढून ठेवा. अशा आभाळाला उजेड, दाणा, रंग सगळं आपोआप जुळतं आणि ते तुमचं स्वतःचं असतं.

उजेडाची दिशा बघायला पक्ष्याचा डोळा बघा, बुबुळातला चमकणारा ठिपका कुठे आहे त्यावरून सूर्य कुठे होता ते कळतं. ठिपका वर डावीकडे आणि ढग उजवीकडून उजळलेले असतील तर आभाळ आडवं उलटवा, पक्ष्याला उलटवू नका. दुपारच्या कडक उन्हातल्या, पंखाखाली गडद सावली असलेल्या पक्ष्यामागे केशरी संध्याकाळ टाकू नका, कितीही मोहक वाटली तरी. रंग एकजीव करायला नव्या आभाळाचा एक सरासरी रंग घेऊन तो पक्ष्याला क्लिप केलेल्या लेयरवर सॉफ्ट लाइटमध्ये ५ ते १० टक्के द्या, त्याहून जास्त नको. आणि शेवटी दाणा: पक्ष्यावर जेवढा नॉइज आहे तेवढा आभाळावरही हवा, गुळगुळीत आभाळावर दाणेदार पक्षी लगेच वेगळा पडतो, शिवाय थोड्या नॉइजने पट्टेही मोडतात.

स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, वन्यजीव फोटोग्राफीच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये दोन फोटो जोडलेले चालत नाहीत आणि तिथे मूळ रॉ फाइल मागतात. बाकी कुठेही टाकताना आभाळ बदललंय एवढं खाली लिहा, पक्षी बघणारे लोक फोटोवरून वेळ आणि हवामानाचा अंदाज बांधतात.

फाइल पीएसडी किंवा टिफमध्ये लेयरसकट ठेवा, जेपेगमध्ये मास्क उरत नाही. चॅनलची ती डुप्लिकेटही पुसू नका, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघितल्यावर डाव्या पंखाच्या तिसऱ्या पिसात एक पांढरी फट राहिलेली दिसतेच, आणि तेव्हा सगळं पहिल्यापासून न करता तेवढीच भरता येते.