पाच ग्रॅमचा हात

बाळांच्या ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हातांनी तपासून हातांनीच करायच्या उपचारांच्या, अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ठेवला. "बोटं टेकवा. आकडा पाच ग्रॅमच्या वर जाता कामा नये." मी तोवर तीन वर्षं मोठ्या माणसांच्या पाठी आणि कंबरा हाताळत होते, आपला हात हलका आहे याची मला खात्रीच होती. काट्यावर ऐंशी आले. पाचावर आणायला गेले तर मनगट थरथरायला लागलं. हलका हात म्हणजे उचलून धरलेला हात, असं मी समजत होते. कोपर टेकवायचं, खांदा सैल सोडायचा, की बोटांना आपोआप भारच राहत नाही. एवढंसं कळायला मला दोन दिवस लागले.

लहान मुलांची ऑस्टिओपॅथी शिकायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच की सुरुवात बाळांपासून होत नाही. आधी ऑस्टिओपॅथीचं पूर्ण शिक्षण घ्या. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ४,२०० तासांचा मापदंड घालून दिला, त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत. मुलांचं शिक्षण बहुधा त्यानंतर. आणि फी भरण्याआधी आपण जिथे काम करणार तिथला कायदा वाचा. अमेरिकेत 'डीओ', म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला, हा औषधं लिहून देणारा, शस्त्रक्रिया करणारा पूर्ण डॉक्टर असतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही, पण तिथला ऑस्टिओपॅथ औषधं लिहीत नाही. कित्येक देशांत तर या पदवीला कायद्यात जागाच नाही. शिक्षण एकीकडे आणि दवाखाना दुसरीकडे असा बेत असेल तर हे आधीच बघून ठेवा.

अभ्यासात मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते नवजात कवटीने. डोक्याच्या मागचं हाड मोठ्यांमध्ये अखंड असतं, जन्मताना त्याचे चार तुकडे असतात, मध्ये कूर्चा. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची बहुतेकदा वर्ष-दीड वर्षात. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली, १८९२ मध्ये अमेरिकेतल्या कर्क्सविलला तिचं पहिलं कॉलेज काढलं. तिथेच शिकलेल्या विल्यम सदरलँड यांनी पुढे कवटीची हाडं लयीत हलतात असा विचार मांडला. ती लय 'ऐकायला' तुम्हालाही शिकवतील. पण एकाच डोक्यावर दोन अनुभवी हात ठेवून ठोके मोजले की आकडे जुळत नाहीत, हे अनेकदा तपासून झालंय. मी ती लय कोणाला समजावून सांगत बसत नाही. हात हलका ठेवण्याची शिस्त मात्र तिथूनच मिळाली, ती सोडलेली नाही.

आता जी चूक मी आजही विसरलेले नाही ती सांगते. तीन आठवड्यांची मुलगी, दिवसरात्र रडते, पाठीची कमान करते. मी वीस मिनिटं मान तपासली, कंबर तपासली, पायांच्या हालचाली बघितल्या आणि वहीत 'कवटीच्या तळाशी ताण' असं ऐटीत लिहिलं. देखरेख करणाऱ्या बाई आत आल्या. बाळाला त्यांनी हातही लावला नाही. आईला विचारलं, "दिवसभरात लंगोट किती ओले होतात?"

"तीन. कधी चार."

पहिल्या आठवड्यानंतर ते सहाच्या आसपास तरी हवेत. मग वजन विचारलं. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत यायला हवं होतं, तिसरा आठवडा संपत आला तरी ते कमीच होतं. पोर उपाशी होती! त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे आणि स्तनपान सल्लागाराकडे पाठवलं. माझ्या वहीतल्या त्या ओळीखाली बाईंनी नुसती रेघ मारली, बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हापासून माझी पहिली दहा मिनिटं हात मांडीवर. बाळ कुशीत कसं धरलंय, मान एकाच बाजूला वळते का, दूध ओढताना थकतं का, दोन्ही हात सारखे हलतात का, एवढंच बघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, दूध सोडून सुस्त पडणं यातलं काहीही दिसलं तर उपचार नाही, थेट डॉक्टर. हे पाठ नसेल तर बाळाच्या जवळ जाऊ नका, मग हात कितीही हलका असो.

बाकीचं सरावाने येतं. नखं कापलेली, हात कोमट. बाळ आईबाबांच्या मांडीवरच असू द्या, दूध पीत असेल तर पिऊ द्या. मानेला झटका कधीही द्यायचा नाही. दोन वर्षांचं पोर असेल तर आधी त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाची पाठ तपासा. आणि सुरुवातीची काही वर्षं फक्त मुलांवर पोट भरेल या भ्रमात राहू नका, मोठ्यांचे रुग्ण सोडू नका.

पालकांशी बोलताना सगळ्यात अवघड जातो तो पोटशूळ, म्हणजे तान्ह्या बाळाचं कारण न सापडणारं, न थांबणारं रडणं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात अशा हातांच्या उपचारांचे ६ अभ्यास होते, मिळून ३२५ बाळं. रडणं कमी झाल्याचं दिसलं, पण उपचार झाला की नाही हे ज्यांत पालकांना ठाऊक नव्हतं, तेवढेच अभ्यास धरले तर फरक ठाम उरला नाही. मी हे पालकांना सांगते. दोन-तीन वेळा बघू, फरक नसेल तर थांबू, हेही पहिल्याच भेटीत बोलून घेते. शिवाय हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा आपसूक ओसरतं. मागे एक आजी मुद्दाम फोन करून म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." मी म्हटलं, "आजी, त्याचं वय झालं, म्हणून थांबला."