बँकेची नोकरी, लोकल आणि घर सांभाळून पळायचं कसं

पळायला सुरुवात करायची असेल तर बूट घ्यायच्या आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहा. मी ठाण्यात राहते आणि फोर्टला बँकेत नोकरी करते. बँकेत मार्च म्हणजे क्लोजिंग, वर्षाचे हिशेब बंद करायचे. त्या महिन्यात घरी यायची वेळ कुणी सांगू शकत नाही. घरात दहावीचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्च तसेही परीक्षेचेच. तेव्हा ते दोन महिने आधीच फुली मारून टाका. चालायला जा, बास. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे ऐन क्लोजिंगच्या आधी सगळं उरकतं. तिथून मागे मोजत या. पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये सुरुवात केली, तर अर्ध मॅरेथॉनच्या २१.०९७ किलोमीटरसाठी सात महिने हातात राहतात. ऑक्टोबरमध्ये उकाड्याने वेग पडतोच, तो पडू द्या. दिवाळीच्या आठवड्यात चकल्या तळून पाय आधीच भरून आलेले असतात, तेव्हा मोठं अंतर ठेवूच नका.

आता आठवडा. रविवार घराचा असतो: पाहुणे, आठवड्याची भाजी, कपाटं. सगळे रनर रविवारी लांब पळतात म्हणून आपणही पळायचं, असं काही नाही. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. माझी लाँग रन त्या दोन दिवशी असते. दर आठवड्याला लांब पळायला हवं असं बरेच जण सांगतात. माझ्या मते अर्ध मॅरेथॉन नुसती पूर्ण करायची असेल तर पंधरवड्यातून एकदा पुरतं, मात्र मधले दिवस चुकवायचे नाहीत. मंगळवार, गुरुवार आणि एखादा रविवार, अर्धा-पाऊण तास.

पळायचं किती हळू, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं हळू. धाप लागून शब्द तुटायला लागले की चाला. सुरुवातीला दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं केलंत तरी कुणी हसत नाही. हसलंच तर ते स्वतः पळत नाहीत असं समजा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट नंतर अंगठ्याला लागतो. पावसाळ्यात भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवून वाळवू नका, तळ सुटतो.

ठाणेकरांसाठी जागा: उपवन तलावाभोवती पहाटेही माणसं असतात, बायकांनी एकटीने पळायला ते बरं. येऊरचा चढ मोह घालतो, पण तो रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जातो आणि तिथे बिबटे आहेत. पूर्ण उजाडल्याशिवाय आणि सोबत असल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

खरी मेख घरात आहे. मी पाहते, बायका परवानगी मागतात: "शनिवारी जाऊ का?" असं विचारलं की समोरच्याला अडचणी आठवायला लागतात. वार ठरवून कॅलेंडरवर लिहून टाका. आमच्याकडे सासूबाई आता आदल्या रात्री एवढंच विचारतात, "उद्या लांब की जवळ?" आणि दुधाची पिशवी घ्यायला उठायचं की नाही ते ठरवतात. नवऱ्याला "जरा मदत कर" असं सांगू नका, आख्खं काम द्या. मंगळवार-गुरुवारचा डबा त्याचा, भाजी कुठली करायची इथपासून. आदल्या रात्री कणीक मळून ठेवायला हरकत नाही. पण भेंडी गिळगिळीत झाली तरी बोलायचं नाही. हे पळण्यापेक्षा अवघड आहे.

आणि वाचन. पहाटे उठायचं म्हणजे रात्री दहाला दिवे बंद, त्यामुळे अंथरुणात पडून वाचणं गेलं. वाचन लोकलमध्ये हलवा. ठाण्याहून सुटणारी स्लो धरली तर बसायला मिळायची थोडी आशा असते. फास्टमध्ये लेडीज डब्यात हात वर करायला जागा नसते, तिथे पुस्तकाचं नाव काढू नका. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटला अर्धं टेकून एका हाताने धरता येईल एवढंच पुस्तक पर्समध्ये ठेवायचं. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा जड वाचा, चरित्र किंवा इतिहास. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी तिथूनच सुटते, जागा मिळते, पण डोळे मिटत असतात. तेव्हा कथा वाचाव्यात, भायखळा ते मुलुंडमध्ये एक संपते. दिवाळी अंक हे लोकलसाठीच काढतात असं मला वाटतं, फक्त जाड असला तर दोन हात लागतात. विकत सगळे परवडत नाहीत. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. वाचनालयाचे सभासद व्हा. परत करायची तारीख डोक्यावर असली की वाचन आपोआप पुढे सरकतं.

पळताना कानात बोलती पुस्तकं ऐकणारे आहेत. मी ऐकत नाही. मागून येणारी रिक्षा आणि गल्लीतली कुत्री ऐकू यायला हवीत.

लाँग रनच्या दिवशी मात्र वाचनाचे बेत आखू नका. आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पोटभर जेवण, आणि दुपारी पुस्तक घेऊन आडवं व्हायचं. दोन पानांत डोळा लागतो, तो लागू द्यावा. तेवढ्यात कुणी कुकर लावायला उठवायला आलंच, तर कूस बदलून कॅलेंडरकडे बोट दाखवायचं.