ओटची हातकापणी: या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो, गॉलवे, डोनेगल या भागांत, ऐन सुगीतही आठवडाभर सलग उघडीप मिळेल याची खात्री नसते. म्हणून तिथे ओट हाताने कापताना पीक जातं ते बहुधा आत कोंडलेल्या ओलीमुळे.

कापणी लांबवू नका. पूर्ण सुकलेल्या लोंबीतले दाणे वाऱ्यानेही झडतात. काडी पिवळी, पेरांवर किंचित हिरवटपणा, आणि नखाने दाबल्यावर चीक न येता खूण उमटणारा दाणा, इतकं पुरे. बाकीचा दाणा पेंढीत पिकतो.

सायथ, म्हणजे लांब दांड्याचा दोन हातांनी चालवायचा विळा, वरून मारला की टोक मातीत रुततं. पात्याची टाच जमिनीलगत ठेवून उजवीकडून डावीकडे फिरवा. उभं पीक डाव्या अंगाला ठेवलं तर कापलेलं पीक त्याला टेकतं, मागच्याला गोळा करणं सोपं जातं. काड्या कापल्या न जाता वाकू लागल्या की धार गेली, लगेच दगड लावा.

जाड पेंढी ही सगळ्यांत महागात पडणारी घाई. बंधापाशी वीतभर जाडी पुरे. बुडख्यात गवत आलं असेल तर त्याहून पातळ, कारण गवताची ओल काडीपेक्षा उशिरा जाते. बंधाला ओटच्याच मूठभर काड्या चालतात, दोन भाग लोंब्यांखाली पिळून घ्यायचे.

पेंढ्या त्याच दिवशी जोडीजोडीने उभ्या करा, सहा ते बारा एकत्र, रांग उत्तर-दक्षिण, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळतं. बुडखे अगदी जवळ ठेवले तर आतून वारा खेळत नाही आणि सगळं कोलमडतं; फार फाकवले तर पाऊस माथ्यातून आत उतरतो. पडलेली पेंढी तशीच राहिली तर जमिनीला टेकलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात.

सुडी, म्हणजे सुकलेल्या पेंढ्यांची मोठी रास, रचायला शेजारी जमतात. या सहकाराला तिथे मेहल म्हणतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखाच. पण माणसं आली म्हणून ओल्या पेंढ्या रचू नयेत. बाहेरची काडी कोरडी लागली तरी बंधाच्या आत बोटं घालून पाहा. सुडी दगडांच्या किंवा फांद्यांच्या बैठकीवर रचा, लोंब्या आत, बुडखे बाहेर, मधला भाग प्रत्येक थराला उंच. मध्य खचला की पाणी आतच वळतं. दोन-तीन दिवसांनी हात घाला. गरम, कुबट वाफ लागली तर उघडीप पाहून सुडी उकला आणि पेंढ्या पुन्हा उभ्या करा.