टॉर्चमध्ये लिथियम सेल घालताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की दुकानात बंद टॉर्चचा ढीग लागतो. त्यातले बरेचसे बिघडलेले नसतात, बिघडवलेले असतात.

पहिला नंबर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या टॉर्चचा. त्यात मुळात 4 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती मेली की कुणीतरी लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधला 18650 सेल (3.7 व्होल्टचा गोल लिथियम सेल) काढतो, '3.7 काय नि 4 काय' म्हणत जोडतो आणि उजेड बघून खूश होतो. उजेड पडणारच हो! घोळ चार्जिंगचा आहे. आत एक कपॅसिटर, चार डायोड, एक लाल एलईडी, झाला चार्जर. सेल भरला, आता थांब, असं सांगणारं त्यात काही नाही. लेड-ॲसिड ते सोसते, आतलं पाणी आटेपर्यंत. लिथियम सेलची हद्द 4.2 व्होल्ट. त्यापुढे रेटत राहिलात की तो तापतो, आत वायू साठतो आणि वरचं झाकण फुटून बाहेर येतो, कधी आगीसकट.

आमच्या एका शेतकरी गिऱ्हाइकाला रात्रीचं पाणी धरायला टॉर्च लागतो. पुतण्याने तो असाच 'अपग्रेड' करून रात्रभर सॉकेटला लावला. सकाळी काका पिशवीतून घेऊन आले: मागचं प्लास्टिक ओघळलेलं, पिना तिरक्या, सेलचं प्लसचं टोक काळं, आणि उघडताच नेलपॉलिशसारखा गोडसर वास. पुतण्याचा प्रश्न काय, तर "मोठा सेल टाकला असता तर टिकला असता का?"

मी अशा टॉर्चमधला 230 व्होल्टचा सगळा भाग पिनांसकट उपटून टाकतो आणि टीपी4056 ची छोटी पट्टी, म्हणजे लिथियम सेलचा चार्जिंग सर्किट बोर्ड, बसवतो. ती मोबाइलच्या 5 व्होल्ट चार्जरवर चालते, 4.2 ला थांबते. पट्टी प्रोटेक्शनवालीच (सेल फार रिकामा व्हायच्या आत तोडणारी) घ्या, आणि एलईडीच्या वायरी तिच्या आउटपुटलाच जोडा. थेट सेलला जोडल्या तर सेल तळापर्यंत रिकामा होतो, प्रोटेक्शन नुसतं बघत बसतं. सेलच्या टोकावर सोल्डर मारायचा नाही, होल्डर वापरा.

दुसरी चीड 9900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेल्या सेलची. 18650 आकारातले चांगले सेलही 3500 च्या आसपास असतात. शंका आली तर किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. फारच हलका भरला तर परत करा.

बाकीचं थोडक्यात. वरचं प्लास्टिक फाटलेला सेल वापरू नका: प्लसच्या बटणाभोवतीची कडसुद्धा मायनसच असते. सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात नको. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक नवा, एक जुना घालू नका. कमजोर सेल उलटा चार्ज होतो. 2 व्होल्टच्या खाली बराच काळ पडलेला सेल 'झटका देऊन' उठवायचे व्हिडिओ बघू नका. आतलं तांबं विरघळून पसरलेलं असतं, चार्जिंगला लावलं की आतल्या आत शॉर्ट.

आणि "पट्टी-बिट्टी नको, तसाच जोडून द्या, घाई आहे" म्हणणाऱ्याला मी तीन पेन्सिल सेलचा साधा टॉर्च देतो.