सोलर बसवल्यावर अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतोय?

महागडा पॉवर कंडिशनर (लाइनमधला गोंगाट गाळणारं उपकरण) घेण्याआधी एक चाचणी करा. भर दुपारी, कडक ऊन असताना, ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरचा एसी आयसोलेटर, म्हणजे त्याला घराच्या लाइनपासून तोडणारा स्विच, बंद करा. आवाज तसाच राहिला तर दोष सोलरचा नाही.

थांबला, तर तो कुठून येत होता ते बघा. स्पीकरऐवजी अ‍ॅम्पच्या डब्यातूनच घुमत असेल तर कारण बहुधा आतला टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर. लाइनमध्ये किंचित डीसी मिसळला तरी त्याचा लोखंडी गाभा एका बाजूला संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, आणि घुमतो. इथे हा डीसी अडवणारा डीसी ब्लॉकरच लागतो, साध्या स्पाइक गार्डने काही होत नाही.

आवाज स्पीकरमधून असेल तर अ‍ॅम्पच्या सगळ्या सिग्नल केबल काढून पाहा. शांत झाला, म्हणजे ग्राउंड लूप (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने तयार झालेलं वेटोळं) किंवा केबलने पकडलेला इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा गोंगाट. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. सिग्नल केबल सोलरच्या डीसी वायरपासून निदान ३० सेंमी दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. टर्नटेबलची केबल सगळ्यात नाजूक, तिला आधी जागा द्या.

ही गुणगुण घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थची पिन कापतात. हे जिवावर बेतू शकतं, अजिबात करू नका. त्याऐवजी अर्थिंग मोजून घ्या, आणि तेही मे महिन्यात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जमीन ओली असते, तेव्हा कमजोर अर्थिंगही चांगलं दिसतं.

दुपारी सॉकेटवर सतत २५० व्होल्टच्या वर दिसत असेल, तर इन्व्हर्टर ते मीटर केबलची जाडी आणि जोड तपासायला लावा. ते ठीक असतील तर महावितरणकडे तक्रार नोंदवा.