नॉर्वेच्या फियॉर्डची सहल आखायची तर आधी फेरीबोट, मग हॉटेल

नॉर्वेच्या सहलीचे आराखडे लोक मला तपासायला पाठवतात. त्यांतल्या बहुतेकांत आठ दिवस, आठ गावं आणि आठ हॉटेलं असतात. ऑस्लो, बर्गन, फ्लॉम, गेइरांगर आणि वर लोफोटेनसुद्धा. एवढ्या लांब आणि एवढा खर्च करून जायचं, तर काही सुटायला नको ही धास्ती मी समजू शकते. पण अशा सहलीत फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेला समुद्राचा फाटा, गाडीच्या काचेतून दिसतो आणि रोज रात्री नव्या खोलीत बॅगा उघडाव्या लागतात. लोफोटेन आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. ती वेगळी सहल आहे, तिला या सहलीत कोंबू नका. पश्चिम किनाऱ्यावरचा बर्गन ते ऑलेसुंड हा पट्टा नऊ दिवसांत नीट पाहता येतो, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, प्रवास विमा, आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना हे सगळं तुम्ही करालच. त्यावर शब्द घालवत नाही.

महिना

जूनचा दुसरा पंधरवडा. डोंगरावरचं बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे तेव्हा भरात असतात आणि उंचावरचे रस्ते बहुतेक उघडलेले असतात. बर्गनला दिवस १९ तासांचा असतो, त्यामुळे जेवणानंतरही दोन-तीन तास फिरता येतं. ऑगस्टमध्ये हवा बरी असते, पण गेइरांगरच्या सात बहिणी नावाच्या धबधब्यांपैकी काही तोवर पार रोडावलेले असतात.

मुलांच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणं भाग असेल, तर आउरलान्डचा डोंगररस्ता (खालच्या मार्गात चौथ्या दिवशी येतो तो) बंदच आहे असं धरून चाला आणि त्याऐवजी हार्डांगरला दोन दिवस द्या. मेच्या उत्तरार्धात तिथे फियॉर्डच्या काठाने सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. १७ मे हा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी मिरवणुका बघाव्यात, प्रवास ठेवू नये. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. हंगामी बोटी तोवर थांबलेल्या असतात आणि अंधार लवकर पडतो.

गाडी की रेल्वे

चार दिवसच हातात असतील तर रेल्वे. बर्गन–वॉस–गुडवांगेन–फ्लॉम–मिर्दाल–बर्गन हा फेरा रेल्वे, बस आणि बोट मिळून होतो. त्याची पॅकेज तिकिटं मिळतात, पण तेच टप्पे सुटे घेऊन मध्ये मुक्काम केला तर जास्त चांगलं. एका दिवसात हा फेरा उरकणं म्हणजे नुसतं एका वाहनातून दुसऱ्या वाहनात चढणं. आठवडा किंवा अधिक असेल तर बर्गनहून गाडी घ्या. ऑटोमॅटिकच घ्या. इलेक्ट्रिक मिळाली तरी घाबरू नका, चार्जिंगची सोय जागोजागी आहे.

दिवसांची बांधणी

इथेच सहली बिघडतात. मलाही ही बांधणी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथे सावकाश वाचा.

फियॉर्डच्या प्रदेशात अंतर किलोमीटरमध्ये मोजून काहीच कळत नाही. हिमनद्यांनी कोरलेल्या या खोल दऱ्यांत समुद्र शिरला आहे. सोग्नेफियॉर्ड तर किनाऱ्यापासून २०० किलोमीटरहून अधिक आत जातो आणि काही ठिकाणी १,३०० मीटर खोल आहे. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे पोचायला एकतर फेरीबोट हवी, नाहीतर डोंगराला वळसा. मोबाइलवरचा नकाशा चालत्या गाडीचा वेळ सांगतो. धक्क्यावर रांगेत गेलेला वेळ, अरुंद रस्त्यावर समोरच्या बसला वाट द्यायला थांबणं, आणि दर वळणावर उतरावंसं वाटणं हे त्यात येत नाही. माझा नियम असा: नकाशा जो वेळ दाखवेल त्याच्या दीडपट धरायचा, आणि नकाशाने चार तासांहून जास्त दाखवलं तर तो दिवस मोडून दोन करायचे. ‘आम्हाला मुंबई–गोवा एका दमात चालवायची सवय आहे’ असं सांगणारे भेटतात. प्रश्न दमाचा नाही. ज्यासाठी आलात ते सगळं त्या रस्त्यावरच आहे.

म्हणून कागद घ्या आणि हॉटेलं बघण्याआधी पाण्यावरचे टप्पे लिहा. हे टप्पे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करू नका.

पहिला प्रकार रस्त्याचाच भाग असलेल्या फेरीबोटींचा. लॅरडालहून सोग्नडालकडे जाताना लागणारी फोदनेस–मानहेलर ही त्यांतली एक. दाभोळ–धोपावेची फेरीबोट वापरली असेल तर हे लगेच कळेल: रांगेत गाडी लावायची, बोट आली की चढवायची. आरक्षण नसतं, नंबरप्लेट कॅमेऱ्यात टिपली जाते आणि पैसे गाडीच्या भाड्याबरोबर कापले जातात. ही फेरी दिवसरात्र चालते, तिच्यासाठी वेळापत्रक पाठ करायची गरज नाही. मात्र आडबाजूच्या काही फेऱ्या तासा-दीड तासानेच असतात. सोल्वोर्नहून उर्नेसला जाणारी छोटी बोट तशी आहे. तिच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे पाहण्यासाठीच घ्यायच्या बोटी. यांच्या वेळा ठरलेल्या, जागा मोजक्या, आणि उन्हाळ्यात आरक्षण हवंच. या सहलीत अशा दोनच आहेत. एक फ्लॉम–गुडवांगेन, साधारण दोन तास, नॅरॉयफियॉर्डमधून. हा फियॉर्ड सर्वात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे. दुसरी हेलेसिल्ट–गेइरांगर, तासाभराची, तिच्यावर गाडीही चढते. नॅरॉयफियॉर्ड आणि गेइरांगरफियॉर्ड दोन्ही २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे गर्दी राहणारच. या दोन बोटींच्या तारखा आणि वेळा आधी पक्क्या करा. त्या दोन खुंट्या ठोकल्या की बाकीचे दिवस त्यांच्यामध्ये बसवायचे. उलट्या क्रमाने करणारे, म्हणजे आधी हॉटेल घेऊन मग बोट शोधणारे, बोट संध्याकाळची आणि हॉटेल पलीकडच्या काठावर अशा कात्रीत सापडतात.

आता मुक्काम. सुरुवातीचं बर्गन आणि शेवटचं ऑलेसुंड सोडून प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, त्याहून कमी नाही. याचं कारण आराम नव्हे, पाऊस. बर्गनला वर्षाला २,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत न पडता बारा महिन्यांत विखुरलेला असतो. पाऊस असेल त्या दिवशी पाण्यावर जा: कड्यांवरून पाणी उतरत असतं, ढग खाली आलेले असतात आणि फियॉर्ड कोरड्या दिवसापेक्षा सुंदर दिसतो. उघडीप असेल त्या दिवशी डोंगरावर जा, कारण ढगात शिरलेल्या कठड्यावरून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. बोटीची तारीख तुम्ही आधी पक्की केलेली असते, म्हणून डोंगराचा दिवस अलीकडे-पलीकडे सरकवायची मोकळीक लागते. एका रात्रीच्या मुक्कामात ती उरत नाही.

हे सगळं बसवून मी सुचवते तो मार्ग असा:

पहिला दिवस बर्गन. दुसऱ्या दिवशी वॉसवरून आउरलान्ड, साधारण १७० किलोमीटर. मुक्काम फ्लॉमऐवजी आउरलान्डला करा. दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि फ्लॉमला दुपारी क्रूझ जहाजांची गर्दी उसळते. तिसऱ्या दिवशी सकाळची पहिली बोट गुडवांगेनपर्यंत आणि बसने परत. मग दुपारी उशिराची फ्लॉम रेल्वे: २० किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून जास्त चढते आणि तिच्या वाटेवर २० बोगदे आहेत. वर मिर्दालला लगेच परतीची गाडी घेतली तर जाऊन-येऊन दोन तास.

चौथ्या दिवसाबद्दल माझं मत ठाम आहे. आउरलान्डहून लॅरडालला दोन वाटा आहेत. नकाशा तुम्हाला २४.५ किलोमीटरच्या बोगद्यात घालेल. २००० साली झालेला हा जगातला सर्वात लांब रस्ता-बोगदा आहे, वीस मिनिटांत पलीकडे नेतो. वरून जाणारा जुना रस्ता ४७ किलोमीटरचा, हिवाळ्यात बंद. त्याला हिमरस्ता म्हणतात, कारण जूनमध्येही दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. उघडा असेल तर वरूनच जा. वाटेत स्टेगास्टाइनचा लाकडी सज्जा लागतो, फियॉर्डपासून ६५० मीटर उंचावर. ‘बोगदा बघायचा आहे’ म्हणून वरचा रस्ता सोडणाऱ्यांना मी हात जोडते. इतर बोगदे भरपूर लागणार आहेत.

लॅरडालहून फेरीबोटीने सोग्नडाल किंवा सोल्वोर्न, तिथे दोन रात्री. पाचव्या दिवशी निगार्ड हिमनदी किंवा उर्नेसचं लाकडी चर्च, हवा बघून ठरवा. हिमनदीच्या तोंडाशी लावलेली दोरी ओलांडून फोटो काढायला जाऊ नका. तिथे बर्फाचे कडे कोसळून पर्यटक मेले आहेत. बर्फावर चालायचं असेल तर वाटाड्याबरोबरच.

सहाव्या दिवशी फियॅरलान्ड, स्त्रिन करत हेलेसिल्ट, साधारण १८० किलोमीटर. बोट दुपारनंतरची घ्या, सकाळची घेतलीत तर वाटेत कुठेच थांबता येणार नाही. गेइरांगरला दोन रात्री. सातव्या दिवशी ढग नसतील तर डाल्सनिब्बा हा डोंगरमाथा, जवळजवळ १,५०० मीटरवर. ढग असतील तर स्तोरसेटर धबधब्याची पायवाट. आठव्या दिवशी ११ वळणांचा गरुडमार्ग चढून, आइड्सडाल–लिंगे फेरीने ऑलेसुंड. हे शहर १९०४ च्या आगीत जळालं आणि काही वर्षांतच नव्याने बांधलं गेलं, त्यामुळे गल्लीच्या गल्ली एका शैलीतली आहे. नवव्या दिवशी विमान.

ट्रॉल्स्टिगेनचा घाट मी मुद्दाम यात धरलेला नाही. दरडींच्या धोक्यामुळे २०२४ च्या ऐन उन्हाळ्यात तो बंद करावा लागला होता. उघडा असला तर आठव्या दिवशी जोडा, पण सगळी सहल त्याच्यावर टांगू नका.

आरक्षणाचा क्रम

दोन बोटी, मग मुक्काम, मग गाडी, शेवटी फ्लॉम रेल्वे. मुक्काम रद्द करता येतील असेच घ्या. बर्गनला घेतलेली गाडी ऑलेसुंडला सोडायला वेगळे पैसे लागतात आणि ते बरेच असू शकतात. पण परत बर्गनला जायचं तर एक पूर्ण दिवस, इंधन आणि बहुधा एक मुक्काम जातो. दोन्हींची बेरीज मांडून ठरवा. माझा कौल जवळजवळ नेहमीच ऑलेसुंडला.

खाणं

स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. शाकाहारी माणसाला लहान गावांत हॉटेलच्या जेवणावर भागवणं जड जातं. पोहे, उपमा, डाळी, मसाले इथून न्या. तूप, पेढे, बर्फी, चीज मात्र बॅगेत नको: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. तांदूळ, भाज्या, दूध, दही तिथल्या किवी, रेमा १००० किंवा कूप दुकानांत मिळतं. ही दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, शनिवारीच पिशवी भरा. नळाचं पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका. साध्या केबिनमध्ये चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे असतात, घेताना वाचा.

रस्त्यावर

गाडी उजवीकडून. दिवे दिवसाही चालू. वेगमर्यादा गावाबाहेर साधारण ८०, गावात ५०. दंड जबर असतो, आणि गाडी भाड्याची असली तरी तो तुमच्यापर्यंत पोचतो. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. अरुंद रस्त्यांवर ‘एम’ अक्षराची निळी पाटी म्हणजे वाट द्यायची जागा. समोरून बस आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. डोंगरावर वळणापलीकडे मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात.

रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या: हवेसाठी ‘यूर’ ॲप, बोटी-बस-रेल्वेसाठी ‘एन्टूर’, आणि बंद रस्त्यांसाठी तिथल्या रस्ते खात्याची माहिती, जी १७५ या क्रमांकावर फोन करूनही मिळते. शेवटच्या दिवशी ऑलेसुंडहून ऑस्लोमार्गे भारतात यायचं असेल, तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली असतील तर ऑस्लोत एक रात्र ठेवा.