ॲपचा मराठी मजकूर बाहेर जाण्याआधी

अंबडच्या ऑफिसातून निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप जाणार असेल, तर हंगाम तोंडावर यायच्या आत सगळा मजकूर एका शीटमध्ये गोळा करा: बटणं, एरर मेसेज, एसएमएस, कस्टमर केअरची स्क्रिप्ट. कोडमध्ये दडलेली वाक्यं डेव्हलपरकडूनच काढून घ्या, नाहीतर ती नेमकी रात्री अकराला कुणाच्या तरी मोबाइलवर उगवतात.

मग त्यात कुणाला वगळणारं, दुखावणारं किंवा दरडावणारं काय आहे ते बघा. आधी ‘शेतकरी बांधवांनो’ कुठे कुठे आहे ते शोधा. विरळणीपासून पॅकिंगपर्यंत बागेत बायका राबतात, कितीतरी जणींचं नाव सातबाऱ्यावर असतं, आणि आपला एसएमएस हाक मारतो फक्त भावांना. नुसतं ‘नमस्कार’ पुरतं. क्रियापदात ‘तुम्ही’ सोडू नका. ‘पासवर्ड विसरलात?’ कुणालाही चालतं. ‘तू’वर आलात की विसरलास की विसरलीस हे ठरवत बसावं लागतं.

फॉर्ममधली श्री./सौ./कु. ही यादी सरळ उडवा. द्राक्षाच्या नोंदणीला बाईच्या लग्नाची चौकशी कशाला? ‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा रकानाही सक्तीचा नको. सरकारी कागदपत्रांत १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे आईचं नाव आलं, आपले फॉर्म मात्र तिथेच अडकलेत. गाव-वस्तीची यादी कुठून उचलली तेही बघा. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण जुन्या डेटात ती नावं अजून सापडतात.

सगळ्यात जास्त वेळ एरर मेसेजना द्या. ‘चुकीची माहिती! पुन्हा प्रयत्न करा.’ यात काय चुकलं ते कळत नाही, दरडावणी तेवढी पोचते. त्याऐवजी लिहा: ‘गट नंबर राहिला आहे. सातबाऱ्यावर वरच्या बाजूला असतो, तसाच लिहा.’ पेमेंट अडकलं तर पहिलं वाक्य पैशांचं हवं: ‘तुमच्या खात्यातून पैसे गेलेले नाहीत.’ अर्थात, ते खरं असेल तरच. सकारात्मक मेसेज म्हणजे गुळमुळीत मेसेज नव्हे. पैसे अडकलेल्या माणसाला हसरा इमोजी पाठवणं हा निव्वळ चावटपणा आहे.

‘लाल बटण दाबा’ असं कुठे असेल तर बटणावरचा शब्द लिहा, रंग सगळ्यांना दिसतोच असं नाही. टॉकबॅक (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू करून, डोळे मिटून एक फॉर्म शेवटपर्यंत भरा. निम्म्यात अडकलात तर मजकुरातच खोट आहे. आपसातल्या डॉक्युमेंटमध्ये ‘अडाणी युजर’ लिहायची खोडही मोडा, कारण आत जे लिहितो तेच हळूहळू बाहेरच्या मेसेजात उतरतं.

कोडकडे एक नजर टाका, तिथेही ‘मास्टर-स्लेव्ह’ असे मालक-गुलामीचे शब्द असतात. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोची (प्रकल्पाच्या कोड-साठ्याची) मुख्य ब्रँच ‘मास्टर’ नव्हे, ‘मेन’ असते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.४ आवृत्तीत तर ‘शो स्लेव्ह स्टेटस’ ही कमांडच काढून टाकली आहे. तिथे ‘शो रेप्लिका स्टेटस’ लागतं. म्हणजे ज्यांना हे सगळं नसतं खूळ वाटतं, त्यांनाही जुन्या स्क्रिप्ट बदलाव्या लागणारच.

मजकूर पक्का करण्याआधी पॅकहाउसमधल्या दोघी-तिघींना मोबाइल देऊन मोठ्याने वाचायला सांगा. त्या जिथे अडखळतील तिथे खूण करा, समजावून सांगू नका. आणि एसएमएसचं काम आधी उरका: शब्द बदलला की डीएलटीवर (कंपन्यांचे एसएमएस आधी नोंदवून घेणाऱ्या टेलिकॉम यंत्रणेवर) टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं.